पाच किनाऱ्यांची ओटी

१

नवस बोलणं सरोजिनीबाईंना कधी जड गेलं नाही, आणि फेडणंही नाही. मुलाच्या, संकेतच्या, दहावीला त्यांनी वर्षभर गोड सोडलं होतं. सुधाकररावांच्या मूतखड्यासाठी सोळा सोमवार केले होते, आणि खडा पडला तो बरोबर सोळाव्या सोमवारी, असं त्या आजही सांगतात. सुधाकरराव म्हणतात, "खडा कुळथाच्या कढणानं पडला. तुझ्या महादेवाला मूत्रपिंडातलं काय कळतंय?" पण ते सगळे नवस पाटावर बसून, हातात अक्षता घेऊन, शांतपणे बोललेले. कळंबच्या किनाऱ्यावरचा नवस तसा नव्हता. तो त्या कंबरभर पाण्यात उभ्या राहून ओरडल्या होत्या.

मे महिन्यातला रविवार. किनाऱ्यावर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. घोडागाड्या, भज्यांच्या टपऱ्या, पाण्यात ओढत नेलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. नात अनुष्का पाच वर्षांची. तिची आई ज्ञानदा पिशवीतून टॉवेल काढायला वाकली आणि सरळ झाली, तेवढ्यात पोर नव्हती. वाळूचा ढीग होता, त्यात खोचलेलं लाल फावडं होतं, पोर नव्हती.

चाळीस मिनिटं. संकेत एका बाजूला धावला, सुधाकरराव दुसऱ्या. ज्ञानदा त्या लाल फावड्याशीच उभी राहिली. आणि सरोजिनीबाई चालत चालत पाण्यात शिरल्या. लुगडं कमरेपर्यंत भिजलं तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, "माझी पोर परत दे, बाई! तिला घेऊन येईन. पाच किनाऱ्यांवर तुझी ओटी भरेन!"

पोर सापडली. सुरूच्या झाडांत, एकटी, बुंध्याला टेकून बसलेली. केसांतून पाणी निथळत होतं. अंगावरचा फ्रॉक मात्र कोरडा ठणठणीत.

"कुठं गेली होतीस गं?" ज्ञानदानं तिला आधी एक धपाटा घातला आणि मग उराशी धरलं.

"मावशीकडे बसले होते," अनुष्का म्हणाली.

कुठली मावशी, कोण मावशी, हे विचारायचं भान तेव्हा कुणाला होतं? देव पावला, एवढं पुरे होतं.

२

नवस फेडायला वर्ष लागलं. आधी पावसाळा, मग गणपती, मग सरोजिनीबाईंचे गुडघे. पण उशीर झालेला नवस अंगावरच्या तापासारखा असतो, आत आत कुरतडतो. फाल्गुन सरत आला तशी त्यांनी मनाशी गाठ बांधली. पाच शुक्रवार, पाच किनारे. अनुष्काची शाळा दुपारची, म्हणजे सकाळ मोकळी.

वसईतल्या उमेळ्यातली त्यांची इमारत तीन मजली, लिफ्ट नसलेली. जिथं ती उभी आहे तिथं पूर्वी केळीची वाडी होती. ती वाडी ज्याच्या बापाची, तो शत्रुघ्न आता त्याच इमारतीच्या फाटकाशी रिक्षा लावून उभा असतो. पहिल्या शुक्रवारी त्याच्याच रिक्षातून आजी, आजोबा आणि नात सुरुची बागेच्या किनाऱ्यावर गेले.

सरोजिनीबाईंनी ताटात ओटी मांडली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, खारीक, आणि हिरवा खण.

शत्रुघ्न मान वाकडी करून बघत होता. "काकी, ही ओटी कोनाची?"

"समुद्राची."

"दर्याची?" तो हसला. "दर्याला नारळ देतात, काकी. दर्या बाप्या मानूस. त्याची ओटी कशी भरनार? ओटी घ्यायला बाई पायजे ना."

सरोजिनीबाई कराडच्या. कृष्णेच्या काठी वाढलेल्या. पाणी दिसलं की ओटी भरायची, हे त्यांच्या रक्तातलं. समुद्राच्या काठी वीस वर्षं राहूनही हा फरक त्यांच्या कधी ध्यानातच आला नव्हता. क्षणभर त्या गडबडल्या. मग म्हणाल्या, "बोलले ते बोलले. जे बोलले तेच द्यायला हवं."

घोट्याभर पाण्यात उभं राहून त्यांनी ओटी लाटेत सोडली. लाट आली, तांदळाचा दाणा न दाणा घेऊन गेली. नारळसुद्धा तरंगला नाही. सरळ खाली गेला, आतून कुणी धरून ओढावा तसा. नारळ जड असेल, त्या मनाशी म्हणाल्या. त्यांनी ओल्या वाळूवर हळदकुंकवाची बोटं टेकवली, हात जोडले, आणि जे आयुष्यभर प्रत्येक सवाष्णीला ओटी भरल्यावर म्हटलं, तेच सवयीनं म्हणून गेल्या.

"चैत्रात आमच्याकडे गौर बसते. हळदीकुंकवाला यायचं हं. उमेळ्याला, तिसऱ्या मजल्यावर."

सुधाकरराव टपाल खात्यातून निवृत्त झालेले. ते खदखदून हसले. "पत्ता दिलास, पिनकोड राहिला! पोचायचं कसं तिनं?"

अनुष्का मात्र हसली नाही. लाटेकडे बघत तिनं पाहुण्यांना करतात तसा हात हलवला.

३

त्या दुपारी जिना झाडणारी जीना दारात येऊन उभी राहिली. "काकू, समुद्रावरून आलात तर पाय धुऊन येत जा. खालच्या पायरीवर वाळू केवढी!"

सरोजिनीबाई ओशाळल्या. पाय तर धुतले होते. किनाऱ्यावरच्या नळावर, तिघांनीही, चपलांसकट. तरी राहिली असेल वाळू. त्या स्वतः बादली घेऊन खाली उतरल्या.

तळमजल्याच्या पहिल्या पायरीवर ओला डाग होता. कडेनं मिठाची पांढरी रेघ धरू लागलेली. पाऊल होतं ते, अनवाणी, बाईमाणसाचं. बोटं जिन्याकडे.

त्यांनी पुसलं. मिठाची रेघ गेली नाही.

पुढल्या शुक्रवारी रानगाव. ओहोटी होती, खडकांना शेवाळ लागलेलं. या वेळी खण लाल. वाळूवर कुंकू टेकवलं, आणि त्यावरून लाट गेली. एक, दोन, तीन लाटा गेल्या. सुधाकरराव म्हणाले, "चल आता." सरोजिनीबाई बघत राहिल्या. वाळू धुतली जात होती, त्यांच्या स्वतःच्या पावलांचे ठसे मिटले होते, आणि कुंकू जागच्या जागी होतं.

"चांगलं कुंकू आहे," सुधाकरराव म्हणाले. "कुठल्या दुकानातलं?"

त्या दिवशी पाऊल पहिल्या मजल्याच्या वळणावर होतं. तळमजला ते पहिला मजला, एक सोडून एक पायरीवर. सरोजिनीबाईंनी आयुष्यभर गौरीची पावलं काढली होती, उंबऱ्यापासून देवघरापर्यंत, आत येणारी. पावलांची भाषा त्यांना कळत होती. ही सगळी वर चढणारी होती. खाली उतरलेलं एकही नव्हतं.

"आपलीच," सुधाकरराव म्हणाले.

"आपण चपला घालून चढलो."

"मग दुसऱ्या मजल्यावरच्या कुणाची असतील. अख्खी वसई समुद्रावर जाते, सरू. तू एकटीच जात नाहीस."

हे खरं होतं. नळाचं पाणी त्या आठवड्यात खारट लागू लागलं तेही इमारतीत सगळ्यांनाच लागलं. बोअर खाली गेली असेल, उन्हाळा आहे, टँकर बोलवा. सगळ्याला कारण होतं. सरोजिनीबाईंनी ती सगळी कारणं एकेक करून मनात घडी घालून ठेवली, आणि तरी रात्री त्यांना झोप लागली नाही.

४

तिसरा शुक्रवार भुईगावचा. खण जांभळा. किनाऱ्याच्या तोंडाशी रेजिना शहाळी विकायला बसते. साठीची, लुगडं नेसलेली, गळ्यात क्रूस, जीभ कोयत्यासारखी. अनुष्काच्या हातात तिनं सोललेलं शहाळं दिलं आणि ओटी सोडून परतणाऱ्या सरोजिनीबाईंना म्हणाली, "काय गो बाय, नवस काय?"

"हो. नातीचा."

"चांगलं. मी पन बोलते आमच्या मदर मेरीला. लेकरासाठी मानूस काय बोलत नाय?" मग तिनं मान उचलून सरोजिनीबाईंच्या खांद्यावरून मागे पाहिलं. "त्या तुमच्या बाईला पन बोलवा की. चिंब भिजली ती. टॉवेल नाय आनला काय तिनं?"

"कुठल्या बाईला?"

"ती काय, पोरीचा हात धरून आली ती."

सरोजिनीबाई वळल्या. वाळू होती. वाळूवर उन्हाचा पत्रा तापलेला. पाण्यापासून टपरीपर्यंत अनुष्काच्या चपलांची एक ओळ होती, आणि तिला लागून दुसरी, अनवाणी पावलांची.

रेजिनानं कपाळावर हात धरून डोळे बारीक केले. तिनं शहाळ्याचे पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाली, "आज घरी जा बाय. लवकर जा."

घरी, दुसऱ्या मजल्यावर जीनानं बादली आपटली. "मी नाही पुसणार उद्यापासून. हे मीठ माझ्या हातांना झोंबतंय."

५

चौथ्या वेळी थांबावं असं सरोजिनीबाईंना वाटलं होतं. पण नवस अर्धा टाकायचा म्हणजे काय? जे मागून घेतलं ते अर्धं परत करायचं? अनुष्का समोर बसून भात कालवत होती. अर्धी अनुष्का म्हणजे कुठली अनुष्का? त्यांनी पिवळा खण पिशवीत भरला आणि अर्नाळ्याला गेल्या. तिथं काही झालं नाही. कोळणी सुकट वाळवत होत्या, किल्ल्याकडे होडी निघाली होती, लाट आली, ओटी घेऊन गेली. या वेळी त्यांनी कुणाला बोलावलं नाही. पण एकदा केलेलं आमंत्रण मागे कसं घ्यायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. तसा शिष्टाचारच नाही.

परत आल्यावर, अनुष्काची शाळेची वेळ व्हायच्या आधी, त्यांनी दार उघडलं तेव्हा पाऊल त्यांच्या पायपुसण्यावर होतं. जोडीनं. दाराकडे तोंड करून.

हॉलमध्ये चैत्रगौर झोपाळ्यात बसली होती. तिच्यापुढे अनुष्का पालथी पडून चित्र रंगवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आजी, मावशीला आता नारळ नकोय."

सरोजिनीबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "मग काय हवंय?"

"ते नाही सांगितलं. नारळ खूप झाले म्हणाली."

संध्याकाळी ज्ञानदा ऑफिसातून आली आणि लेकीच्या तोंडून तिला चारही किनारे कळले. ती कधी सासूला उलटून बोलत नसे. त्या दिवशी चपलाही न काढता बोलली.

"आई, प्लीज. मी तिथं चाळीस मिनिटं उभी होते. मला अजून त्या लाटांचा आवाज येतो. तुमचा नवस तुम्ही फेडा, मी काही म्हणत नाही. पण अनु नाही येणार. एंड ऑफ डिस्कशन."

"तिला घेऊन येईन असं बोलले होते गं मी."

"मग तुमच्या देवीला सांगा, तिची आई नाही म्हणाली."

सरोजिनीबाईंनी मान हलवली. खरं सांगायचं तर त्यांना सुटल्यासारखं झालं. पोर समुद्रापासून लांब, तिसऱ्या मजल्यावर, आजोबांजवळ, दाराला कडी. याहून सुरक्षित काय असणार?

६

पाचवा शुक्रवार अष्टमीचा. सरोजिनीबाई एकट्याच निघाल्या. वाटेत वसईच्या होळी बाजारात भाजीवाल्यांची गर्दी होती, निर्मळच्या तळ्याशी बगळे होते, कळंबला पोचेपर्यंत दहा वाजले. शत्रुघ्न रिक्षा लावून त्यांच्यामागोमाग वाळूत आला, आणि दोघंही एकदमच थांबले.

पाणी नव्हतं.

ओहोटी त्यांनी पाहिली होती, पण ही ओहोटी नव्हती. किनारा संपत नव्हता. ओली करडी जमीन पुढे पुढे पसरत गेली होती, आणि पार टोकाला, जिथं आभाळ टेकतं तिथं, पाण्याची एक रेघ असावी अशी शंका येत होती. खेकडे उघड्यावर पडले होते. एक होडी कुशीवर कलंडली होती. आवाज नव्हता. ज्या आवाजाखाली वसईची माणसं जन्मभर राहतात, तोच बंद झाला होता.

"आज अष्टमी," शत्रुघ्न हळू म्हणाला. "अष्टमीला पानी अर्ध्यावरच हलतं, काकी. पुनवेलापन इतकं जात नाय. मी एवढा मोठा झालो, हे कधी बघितलं नाय."

सरोजिनीबाई ताट घेऊन चालत राहिल्या. ओटी तर सोडायलाच हवी होती. शंभर पावलं, दोनशे. चिखलात पाय रुतू लागले. ताटातला निळा खण वाऱ्यानं उचलला जात होता, त्यावर त्यांनी नारळ ठेवला. लाट नाही. त्या उभ्या राहिल्या, आणि आपण कुणाच्या तरी घरी गेलोय, बेल वाजवतोय, आणि आत कुणीच नाही, तसं त्यांना वाटलं.

आणि मग त्यांना कळलं. अगदी साधं होतं. इथं कुणी नव्हतं, कारण ती बाहेर गेली होती. तिला कुठंतरी बोलावणं होतं.

त्यांनी मोबाइल काढला. बोटं ओली होती, तीनदा चुकलं.

"अहो! दार उघडू नका. कुणीही आलं तरी दार उघडू नका!"

"अगं, उघडलं की," सुधाकरराव म्हणाले. मागे नळाचं पाणी वाहत होतं. "आत्ताच. हळदीकुंकवाला म्हणून एक बाई आल्यात. तू बोलावलं होतंस म्हणे. मी म्हटलं बसा, सरोजिनी येतेच आहे."

"अनु कुठंय?"

"त्यांच्याशीच बोलतेय. ऐक, पन्हं कुठं ठेवलंयस? त्यांना फार तहान लागलीय."

७

कळंब ते उमेळे किती लांब? शत्रुघ्ननं रिक्षा कशी हाकली ते त्यालाच ठाऊक. दोन वेळा फोन लागला, दोन्ही वेळा पाण्याचा आवाज आला आणि सुधाकररावांचं लांबून, "अगं, पाणी देतोय त्यांना, येतेस ना?" तिसऱ्यांदा कुणीच उचलला नाही. सरोजिनीबाईंनी ताट मांडीवर धरलं होतं. सगळे मंत्र, स्तोत्रं, सगळी व्रतं त्यांच्या डोक्यातून पुसली गेली होती. त्या एकच विचार करत होत्या, गृहिणीचा. दारी आलेल्या सवाष्णीला रिकाम्या ओटीनं पाठवता येत नाही. आणि नारळ तर तिला नकोय.

"काकी, पोलिसाला सांगायचं काय?" शत्रुघ्न ओरडून म्हणाला.

"काय सांगणार?" त्या म्हणाल्या. "मीच बोलावलंय."

८

जिना तळापासून ओला होता. पाणी पायरीवरून पायरीवर उतरत नव्हतं, जागच्या जागी हलत होतं, पुढे मागे, पुढे मागे. सरोजिनीबाई गुडघे विसरून चढल्या.

दार उघडं होतं. आत गौरीचा झोपाळा आपसूक हलत होता. स्वयंपाकघरातून सुधाकरराव बोलत होते, अगदी नेहमीच्या सुरात. "आलीस? अगं किती ही तहान. सातवा तांब्या हा."

गौरीसमोर वेताची खुर्ची होती. तिच्यात कुणी बसलं होतं.

सरोजिनीबाईंनी वर पाहिलं नाही. आयुष्यात कधी नव्हे ती अक्कल त्यांना त्या घटकेला सुचली. त्यांनी मांडीच्या वर नजर जाऊ दिली नाही. पदर पसरलेला होता. हिरव्या, लाल, जांभळ्या आणि पिवळ्या खणांचे तुकडे जोडून केलेला, ओला, जड. त्यात चार नारळ होते, शेंड्या काळ्या पडलेल्या. खाली पायांशी पाणी साठलं होतं, आणि पाय त्या पाण्यात कुठं संपतात ते दिसत नव्हतं.

अनुष्का पदरापुढे उभी होती. तिचा उजवा हात नारळांच्या मधून आत गेला होता, कोपरापर्यंत. खुर्चीची बैठक जिथं लागायला हवी त्याच्याही खाली.

"आजी," ती खुशीत म्हणाली, "आत खूप खोल आहे."

सरोजिनीबाई किंचाळल्या नाहीत. पोरीला ओढलं तर काय होईल ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी ताट खाली ठेवलं, गुडघे मोडून त्या थेट पाण्यात बसल्या, आणि नमस्कार केला. थोरल्या जावेला करतात तसा, डोकं टेकवून.

"ताई," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. थोरलीनं धाकटीच्या घरी जिने चढून यायचं नसतं. धाकटीनं जायचं असतं. तुम्हाला एवढं चालायला लावलं, मला समज नव्हती. आता मी येत जाईन. दर शुक्रवारी, पाचही ठिकाणी पाळीनं, हात पाय चालतात तोवर. तुम्ही आपल्या घरी बसा. मी येते आहे ना. पण लेकराला घेऊन नाही. लेकरू लहान आहे, ताई. तिला माझ्याकडे राहू द्या."

काहीच झालं नाही. झोपाळा हलत होता. स्वयंपाकघरात नळ वाहत होता.

निरोप द्यायचा तर हळदकुंकू लावायला हवं. सरोजिनीबाईंनी करंडा उघडला, बोट कुंकवात बुडवलं आणि डोळे मिटून हात वर नेला. कपाळ असेल तिथं. बोट टेकलं.

कपाळ लागलं नाही. बोट आत गेलं, पहिल्या पेरापर्यंत, दुसऱ्या पेरापर्यंत, लाट नुकतीच ओसरलेल्या वाळूत जातं तसं. थंडगार. आणि त्या वाळूत, त्यांच्या बोटाभोवती, काहीतरी हळूच वळलं, नीट लावून घ्यायला मान पुढे करावी तसं.

"हळद पण," अनुष्का म्हणाली. "आजी, मावशी हळद पण मागते."

त्यांनी हळद लावली.

मग आवाज आला. शिंपल्यांवरून पाणी मागे फिरतं तो, लांबलचक, खुर्चीपासून दारापर्यंत, दारापासून जिन्यानं खाली, खाली. सरोजिनीबाईंनी डोळे उघडले तेव्हा अनुष्काचा हात बाहेर होता आणि ती तो निरखत होती. खुर्चीच्या वेतावर मीठ होतं.

सुधाकरराव तांब्या घेऊन बाहेर आले. "गेल्या वाटतं? अगं, पाणी तरी घ्यायला लावायचंस."

९

याला आता वर्ष होत आलं. सुधाकररावांचं अजून म्हणणं आहे की कुणी डोक्यावर परिणाम झालेली बाई होती ती, चुकून वर आली. दिसायला कशी होती म्हणून विचारलं की ते म्हणतात, "चांगली होती. तोंडाकडे नाही बघितलं मी." पण शुक्रवार उजाडला की नारळ तेच आणून ठेवतात, आणि त्यावर विनोद करत नाहीत. अनुष्का छान आहे. वाढतेय, भांडतेय, गणितात नापास होतेय. उजव्या हाताची कातडी तेवढी कोपरापर्यंत सुरकुतलेली असते, तासभर पाण्यात राहिल्यासारखी. डॉक्टरांनी मलम दिलंय. ज्ञानदा रोज लावते.

सरोजिनीबाईंनी एकही शुक्रवार चुकवलेला नाही. देवाची कृपाच म्हणायची, एवढं चालवून घेतलं त्यानं. त्यांचं त्याबद्दल गाऱ्हाणं नाही. त्या म्हणतात, पोर पदरात आहे, आणखी काय मागू? पण आता दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय, आणि डॉक्टर म्हणतात दीड महिना जिना उतरायचा नाही. म्हणजे सहा शुक्रवार. पुरुषांनी ओटी भरायची नसते. ज्ञानदाला त्या विचारणार नाहीत, आणि विचारूही नये.

म्हणून सांगते बायांनो. तुम्ही सुट्टीत समुद्रावर जाताच. पोरांना घेऊन, डबे घेऊन, फोटो काढायला जाता. या दीड महिन्यात एकदा ओटी घेऊन जा. जास्त काही लागत नाही; तांदूळ, नारळ, हळकुंड, एक खण. घोट्याभर पाण्यात उभ्या राहा, सोडा, आणि सरोजिनीनं पाठवलंय म्हणून सांगा. त्या वेळी लेकरं घरी ठेवा. कुणाला घरी बोलावू नका. भुईगावचा शुक्रवार रेजिनानं मागून घेतलाय. म्हणाली, ओटी मला जमत नाय, मी मेनबत्ती लावीन, चालेल ना तिला? सुरुची आणि रानगाव जीना बघते आहे. कळंबचा शुक्रवार शत्रुघ्नच्या बायकोनं, हंसानं, आपणहून घेतलाय.

अर्नाळ्याचे दोन शुक्रवार आहेत, पहिला आणि शेवटचा; ते अजून कुणी घेतलेले नाहीत. येत्या शुक्रवारी जमलं तर तुम्ही जा.